पाणवाटांचा नकाशा : वाबानाकी होड्यांवरच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

प्रकल्पाची चौकट आज पक्की केली. अमेरिकेतलं मेन आणि कॅनडातले न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया हे प्रांत, एवढ्या पट्ट्यातल्या वाबानाकी लोकांच्या होड्यांवर मराठीत एक मोठा नकाशा आणि त्याच्या जोडीला टिपणं. वाबानाकी म्हणजे पेनॉब्स्कॉट, पासामाक्वोडी, वोलास्तोकीयिक (जुन्या कागदांत यांनाच मालिसीट म्हटलंय), मिकमाक आणि अबेनाकी. नात्यातल्या भाषा, एकमेकींना लागून असलेली नदीखोरी आणि त्या खोऱ्यांना जोडणारी होडी.

अडचण अशी की जुन्या होड्याच हाताशी नाहीत. बर्चच्या सालीची होडी मातीत गेली की संपली, इथल्या आम्लधर्मी जमिनीत तिचा मागमूस राहत नाही. त्यामुळे पुरावा होडीच्या आजूबाजूला शोधायचा: हाडं, दगडी हत्यारं, दोन नद्यांमधल्या पायवाटा, सांगितलेल्या गोष्टी आणि आजही होडी बांधणाऱ्यांचे हात.

माहितीचा तक्ता आखताना सवयीने एक रकाना टाकला होता, 'गोष्टीला उत्खननाचा दुजोरा: आहे / नाही'. तो राहू द्यायचा की काढायचा, हे अजून ठरत नाही. ठरवायला घाई नको.

२६ जानेवारी

टर्नर फार्म. पेनॉब्स्कॉट उपसागरातल्या नॉर्थ हेवन बेटावरचं हे ठिकाण १९७० च्या दशकात ब्रूस बर्क यांनी खणलं. शिंपल्यांचा जाड ढीग, माणसांनी खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांचा. शिंपल्यातला चुना मातीचा आम्लपणा मारतो आणि म्हणून त्यात हाडं टिकतात. मेनच्या किनाऱ्यावर असे सुमारे २,००० ढीग आहेत. समुद्र चढतोय, लाटा किनारा कापतायत आणि दर हिवाळ्यात त्यांतले काही पाण्यात जातायत. होड्यांचा अर्धा इतिहास या ढिगांत आहे, हे डोक्यात ठेवलं की ही बातमी वाचताना पोटात कालवतं.

टर्नर फार्मच्या सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या थरात तलवारमाशाची हाडं निघाली. एखाद-दुसरं नाही, भरपूर. तलवारमासा किनाऱ्यावर गळ टाकून मिळत नाही. तो खोल पाण्यातला, माणसापेक्षा मोठा, शेकडो किलोंचा. पृष्ठभागाजवळ ऊन खात पडलेला असताना भाला मारायचा, दोर धरून ठेवायचा आणि तो उलटून अंगावर येईल ती वेळ सांभाळायची. तलवारीने होडीच्या बुडाला भोक पाडणं त्याला अवघड नाही. म्हणजे या लोकांकडे उघड्या समुद्रात न्यायच्या होड्या होत्या आणि त्या चालवणारे पाण्यात मुरलेले होते. होडीचं एक लाकूडही न सापडता एवढं सांगता येतं. तलवारीच्या हाडाची हत्यारंही त्यांनी केली होती.

मग जवळपास ३,८०० वर्षांपूर्वी तलवारमासा थरांतून नाहीसा होतो. बर्क यांच्या मते मेनच्या आखाताचं पाणी थंड झालं.

२ फेब्रुवारी

याच काळातल्या ठिकाणांवर पोकळ पात्याच्या जड दगडी छिन्न्या सापडतात. लाकूड कोरायला उत्तम. त्यावरून युक्तिवाद असा: छिन्नी आहे म्हणजे ओंडका कोरून केलेली डोणी आहे, आणि पुढे छिन्न्या दिसेनाशा झाल्या म्हणजे सालीची होडी आली. मेन विद्यापीठातले डेव्हिड सँगर यांनी हत्यार आणि होडी यांचा हा दुवा खरंच लागतो का, असा प्रश्न उघडपणे विचारला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. आतल्या भागातल्या उथळ, खडकाळ ओढ्यांच्या काठी त्या काळातही माणसं राहत होती. जड डोणी तिथे ओढत न्यायची कोणी? छिन्नीने फक्त डोणीच करतात असंही नाही. दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदले असतील, जसे ते पुढे नांदताना दिसतात.

नकाशावर या काळासाठी होडीचं चित्र काढणार नाही. फक्त हाडं आणि छिन्न्या.

१५ फेब्रुवारी

एकदाची खरीखुरी होडी. दक्षिण मेनच्या किनाऱ्यावर, केप पॉरपॉइजच्या ओहोटीच्या चिखलात २०१८ मध्ये एका पुरातत्त्वज्ञाला लाकडाचा कोरलेला भाग दिसला, २०१९ मध्ये ती डोणी बाहेर काढली. कार्बन कालमापनाने काळ आला इ.स. १२८० ते १३८०. मेनमध्ये मिळालेली ही सर्वांत जुनी डोणी. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, हवा न लागता, खाऱ्या चिखलात गाडली गेली म्हणून वाचली.

जागेमुळे ती आणखी महत्त्वाची ठरते. फ्रेंच दर्यावर्दी शांप्लेन १६०५ मध्ये हा किनारा उतरत दक्षिणेकडे गेला. उत्तरेकडे त्याला सालीच्या होड्या दिसतात, दक्षिणेला मॅसॅच्युसेट्सच्या बाजूला ओंडक्याच्या डोण्या, आणि त्या कशा करतात तेही त्याने लिहून ठेवलंय: झाड पाडायचं, विस्तवाने आत जाळत न्यायचं, जळलेला भाग दगडाने खरवडायचा. केप पॉरपॉइज या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पडतं. मोठे कागदी बर्च दक्षिणेकडे विरळ होत जातात, हे एक कारण. साको नदीपासून खाली मक्याची शेती होती, गावं जास्त स्थिर होती, होडी पाठीवर टाकून जंगल ओलांडायची गरज कमी, हे माझ्या मते दुसरं.

९ मार्च

या आठवड्यातलं वाचन सगळं गोष्टींचं. पेनॉब्स्कॉट निवेदक न्यूवेल लायन यांनी सांगितलेल्या ग्लुस्कॅबे या वाबानाकी कथानायकाच्या कथा मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक स्पेक यांनी १९१८ मध्ये छापल्या. त्यात पाणी अडवून बसलेल्या अग्लेबेमू या बेडूकरूपी राक्षसाची कथा आहे. माणसं तहानेने मरायला टेकतात. ग्लुस्कॅबे राक्षसाला मारतो आणि झाड पाडतो, त्या झाडाच्या खोडाची पेनॉब्स्कॉट नदी होते, फांद्यांचे तिला मिळणारे प्रवाह. तहानेलेली माणसं पाण्यात उड्या टाकतात आणि मासे, बेडूक, कासवं होऊन जातात, ती त्यांची कुळं.

संगणकावर पाणलोटाचा थर लावला तेव्हा पडद्यावर तेच झाड उभं राहिलं. ज्याने नदीच्या मुखापासून उगमापर्यंत प्रत्येक फाट्यावर 'डावीकडे की उजवीकडे' हे ठरवत वल्हं मारलंय, त्याला नदी झाडासारखीच दिसणार. या कथेत भूगोल पाठ करून ठेवलेला आहे.

दुसरी कथा मूसच्या शिकारीची. मूस म्हणजे इथलं घोड्याहून उंच सांबर. ग्लुस्कॅबे मूसहेड सरोवराच्या बाजूने मूसच्या मागे लागतो. वाटेत पालथं घातलेलं त्याचं भांडं तिथे डोंगर होऊन राहिलंय. पाठलाग संपतो तो पार खाली, पेनॉब्स्कॉट उपसागरात, केप रोझियरला. मूस तिथे पडतो, भूशिराचा आकार त्याच्या पार्श्वभागाचा आणि कातळातल्या पांढऱ्या रेघा म्हणजे त्याची आतडी. आता नकाशा पाहा: मूसहेड सरोवराचं पाणी केनेबेक नदीला जातं, पेनॉब्स्कॉटला नाही. दोन खोऱ्यांच्या मध्ये सुमारे तीन किलोमीटरची जमीन आहे, नॉर्थईस्ट कॅरी. होडी डोक्या-खांद्यावर घेऊन ती चालायची आणि पलीकडे पेनॉब्स्कॉटच्या पश्चिम फाट्यात होडी सोडायची. १८५७ मध्ये जोसेफ पोलिस या पेनॉब्स्कॉट वाटाड्याने अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोला इथूनच पलीकडे नेलं. कथेतला पाठलाग एका खोऱ्यात सुरू होऊन दुसऱ्या खोऱ्याच्या तोंडाशी संपतो.

ग्लुस्कॅबे या कथेत होडीने जात नाही, पळत जातो. तरीही खुणांचा क्रम सरोवरापासून समुद्रापर्यंतचा आहे, आणि ज्याला ही कथा येते त्याला वाटेत कुठला डोंगर कधी दिसावा हे येतं.

२२ मार्च

मूसहेड सरोवराच्या मधोमध पाण्यातून सरळ उभा राहिलेला कडा म्हणजे माउंट किनिओ. त्याचा दगड रायोलाइट, हिरवट-राखाडी, फोडला की काचेसारखी धार येते. हजारो वर्षं या दगडाची पाती, भाल्याची टोकं मेनभर आणि मेनच्या बाहेर पोचली. म्हणजे मूसच्या कथेचा पट्टा आणि हत्यारांच्या दगडाचा उगम एकाच सरोवरावर.

इथेच हात आखडता घ्यायला हवा. हिमयुगात बर्फाच्या थराने किनिओचे गोटे उचलून आग्नेयेला लांबवर नेऊन टाकले. नदीकाठी मिळालेला प्रत्येक किनिओ दगड होडीतूनच आला, असं म्हणता येत नाही. काही तर बर्फाने घरपोच दिलेले. हिमनदीच्या प्रवाहाच्या बाहेर, दुसऱ्या दिशांना सापडलेले तुकडे मात्र माणसानेच नेले असणार. म्हणून नकाशावर किनिओच्या ठिपक्यांना दोन रंग: बर्फाच्या वाटेवरचे फिके, बाहेरचे गडद.

याच कामात 'दुजोरा' रकान्याचा निकाल लागला. काढून टाकला. दगड सांगतो की इथून तिथे वस्तू गेली. कथा सांगते की जाणाऱ्याने वाट कशी लक्षात ठेवली आणि ती जागा त्याची कोण लागते. एकाने दुसऱ्याला प्रमाणपत्र द्यायचं कारणच नाही. 'दुजोरा' शोधत बसलं की ज्या कथेजवळ खणलं गेलेलं नाही ती आपोआप खोट्याच्या बाजूला जाऊन बसते. त्यात कथेचा काहीच दोष नसतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डेल्गामूक खटल्यात, पश्चिम किनाऱ्यावरच्या गिट्क्सान आणि वेत्सुवेतेन लोकांच्या दाव्यात, मौखिक इतिहासाला लेखी कागदांच्या बरोबरीने पुरावा म्हणून जागा द्यायला सांगितलं. न्यायालयाला जे जमलं ते माझ्या तक्त्याला जमायला हरकत नाही.

नवे रकाने: 'कोणी सांगितलं', 'कधी नोंदलं', 'कुठून दिसतं'.

६ एप्रिल

गोडार्ड, ब्रुकलिन गावाजवळच्या नास्कीग पॉइंटवरचं ठिकाण. १९५७ मध्ये इथे एक चांदीचं नाणं मिळालं, पुढे ते नॉर्वेचा राजा ओलाफ किर्रे याचं, ११ व्या शतकातलं ठरलं. ते इथे कसं आलं यावर वाद झाले, अजून होतात. नाण्यावर लोकांचे डोळे खिळतात हे समजू शकतं, पण मला तिथला दगड जास्त बोलका वाटतो. रामा चर्ट, अर्धपारदर्शक, साखरेच्या खड्यासारखा, उत्तर लॅब्राडोरमधल्या रामा उपसागराजवळचा. सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरहून लांब, किनाऱ्या-किनाऱ्याने तर कितीतरी जास्त. गोडार्डला तो बराच मिळाला. हातोहात, उपसागरामागून उपसागर करत आला असेल. मधला प्रत्येक टप्पा पाण्यावरचा.

मिकमाकांची समुद्री होडी या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तिचा काठ मध्यभागी उंचावलेला असतो, कुबडासारखा. होडी लाटेवर कलली की पाणी आधी मधूनच आत येतं, तिथेच काठ चढवलेला. अशा होड्यांतून ते न्यूफाउंडलंडपर्यंत जात.

२० एप्रिल

लेखी साक्षी. जेम्स रोझियर, १६०५, इंग्रज कॅप्टन वेमथच्या जहाजावरचा लेखनिक. त्यांच्या नावेला आठ वल्ही होती आणि सगळा जोर लावलेला. तीन वल्ह्यांच्या सालीच्या होड्या तरीही हवं तेव्हा त्यांच्या पुढे जात, भोवती फिरत. हे कौतुक लिहिणाऱ्यांनीच पुढे पाच माणसं पळवून इंग्लंडला नेली. सोबत दोन होड्या. रोझियरने देवमाशाच्या शिकारीचंही वर्णन दिलंय: अनेक होड्यांनी मिळून घेरायचं, हाडाचं टोक लावलेला भाला, त्याला झाडाच्या सालीचा लांब दोर.

त्याच्याही आधी, मे १६०२ मध्ये, इंग्रज दर्यावर्दी गॉस्नोल्डच्या जहाजाला दक्षिण मेनजवळ एक शिडाची नाव सामोरी आली, बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या लोकांच्या) बांधणीची. युरोपीय मच्छीमार असतील असं वाटलं, तर आत आठ मूलनिवासी. एकाच्या अंगात खलाशाचे काळे कपडे. त्यांनी खडूने किनाऱ्याचा नकाशा काढून दाखवला आणि न्यूफाउंडलंडमधल्या प्लासेंशियाचं नाव घेतलं. इंग्रज स्वतःला इथे पहिले समजत होते आणि समोरचे त्यांना किनारा समजावून सांगत होते! परकं शीड या लोकांनी किती लवकर आपलंसं केलं, याची यापेक्षा चांगली नोंद मला मिळालेली नाही.

दुसऱ्या बाजूची आठवणही आहे. १८६९ मध्ये जोसाया जेरेमी या मिकमाक निवेदकाने मिशनरी सायलस रँड यांना सांगितलेली: एका मुलीला स्वप्न पडतं, एक लहान बेट तरंगत किनाऱ्याकडे येतंय, त्यावर उंच झाडं आणि जिवंत प्राणी. सकाळी खरोखर बेट आलेलं असतं, झाडांवर अस्वलं चढतायत. पुरुष धनुष्यबाण घेऊन धावतात आणि पाहतात तर ती माणसं. डोलकाठ्या, दोर, दोरांवर चढलेले खलाशी. ही कथा घडल्यावर निदान अडीचशे वर्षांनी कागदावर आली. त्यातलं निरीक्षण तरीही अजून ओलं आहे.

नोव्हा स्कोशियात केजिमकुजिकच्या कातळशिल्पांत शिडाची जहाजं कोरलेली आहेत, आणि मेनमध्ये माचियास उपसागराच्या काठच्या पासामाक्वोडी कातळांवरही एक. रत्नागिरीचे सडे पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

१० मे

आज एका होडी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये दिवसभर बसायला मिळालं. फोटो काढायचे नाहीत, लिहायला हरकत नाही, अशी अट. रास्त अट.

बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद, एकाच वंशातला. झाडावर साल बाहेरून पांढरी. होडीत ती पांढरी बाजू आत जाते आणि खोडाला चिकटलेली पिवळसर बाजू पाण्याला लागते. साल जमिनीवर पसरायची, वर चौकट ठेवायची, दगडांनी दाबायची, कडा उभ्या करून खुंट्यांनी धरायच्या. आधी कातडं, सांगाडा मागाहून. सीडरच्या पातळ पट्ट्या आत अंथरल्या जातात आणि गरम पाण्याने मऊ करून वाकवलेल्या फासळ्या ठोकून बसवल्या की सगळं ताणावर उभं राहतं. खिळा एकही नाही.

शिवण स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या मुळांची. मुळं शेवाळाखालून ओढून काढलेली, बोरूएवढी जाड, भिजत घातलेली. बांधणाऱ्याने एक घेतलं, टोकाला चीर दिली आणि दोन्ही हातांनी फाडत नेलं. चीर एका बाजूला सरकायला लागली की जाड अर्ध जास्त वाकवायचं, चीर पुन्हा मधे येते. डोळे माझ्याकडे, बोलणं सुरू, आणि हातभर मूळ बरोबर मधोमध दुभंगलं. सपाट बाजू सालीला लागेल अशी बसवली. मी करून पाहिलं तर वीतभर गेल्यावर अर्ध तुटलं.

मग राळ. स्प्रूसचा डिंक वितळवून त्यात चरबी. सालीची पट्टी त्यात बुडवायची, थंड पाण्यात धरायची, वाकवायची. तडा गेला तर चरबी कमी. बोटाला चिकटली तर जास्त. इथे मापं नाहीत, कसोटी आहे, आणि तीही बोलून-दाखवूनच पुढे जाते. मौखिक परंपरा म्हटलं की आपण फक्त कथा धरतो, पण राळेची ही परीक्षाही त्यातच मोडते.

मध्ये खंड पडला तेव्हा काय झालं हेही नोंदवतो. १९ व्या शतकाच्या शेवटाकडे कॅनव्हास आलं, त्याच आकाराच्या, त्याच फासळ्यांच्या होड्या कारखान्यांत व्हायला लागल्या. मोठी झाडं लाकूडतोडीत गेली. १८८७ मध्ये न्यू ब्रन्सविकला आलेला टॅपन अ‍ॅडनी हा तरुण मालिसीट कारागीर पीटर जो यांच्या हाताखाली शिकला आणि पुढे आयुष्यभर टिपणं, मापं, एक-पंचमांश आकाराच्या शंभराहून अधिक प्रतिकृती करत राहिला. त्याची टिपणं त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. पासामाक्वोडी कारागीर डेव्हिड मोझेस ब्रिजेस (१९६२ ते २०१७) यांचे पणजोबा सिल्व्हेस्टर गॅब्रिएल होडी बांधणारे. ब्रिजेस यांनी ती विद्या पुन्हा समाजात, मुलांच्या हातात नेली. कागदाने हात जिवंत ठेवला नाही, पण हाताला अडलं तिथे कागद कामाला आला.

२४ मे

केप रोझियर. ओहोटीला किनाऱ्याने चाललो. काळपट कातळात पांढऱ्या गारगोटीच्या शिरा, कुठे बोटाएवढ्या, कुठे मनगटाएवढ्या, वळणं घेत पाण्याखाली जाणाऱ्या. होडीतून येणाऱ्याला त्या ओल्या असताना लांबून चमकतात. 'कुठून दिसतं' या रकान्यात: पाण्यावरून, ओहोटीला. जमिनीवरून आलेल्याला भूशिराचा आकार कळतच नाही.

७ जून

मेडक्टिकची वाट. न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉन नदीपासून ईल नदी, तिथून सरोवरं आणि मग पेनॉब्स्कॉटचं पाणी, असा वोलास्तोकीयिकांचा जुना मार्ग. १६८९ मध्ये मेनच्या किनाऱ्यावरच्या पेमाक्विडला पकडलेला जॉन गाइल्स नावाचा मुलगा याच बाजूने मेडक्टिकला नेला गेला, त्याची हकिकत छापील आहे. मेडक्टिकचं जुनं गाव १९६० च्या दशकाच्या शेवटी मॅक्टाक्वॅक धरणाच्या पाण्यात गेलं. होडीच्या वाटेचं नाकं, दफनभूमी, शेतं, सगळं. धरणाने गाव बुडणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला माहीत आहे, त्यामुळे टिपणात एक ओळ पुरेल.

पेनॉब्स्कॉटवर उलट घडलं. ग्रेट वर्क्स धरण २०१२ मध्ये आणि व्हीझी धरण २०१३ मध्ये काढलं, समुद्रातले मासे पुन्हा वर चढू लागले.

१४ जून

दिसण्याचं गणित पुरं केलं. होडीत बसलेल्याचा डोळा पाण्यापासून जेमतेम ८० सेंटिमीटर. तेवढ्यावरून क्षितिज सव्वातीन किलोमीटरवर संपतं. पण माउंट डेझर्ट बेटावरचा कॅडिलॅक डोंगर ४६६ मीटरचा, त्याचं टोक स्वच्छ हवेत ८० किलोमीटरवरून डोकावायला हवं. मोंहेगन बेट मुख्य भूमीपासून सुमारे १६ किलोमीटर आणि त्याची उंची ५० मीटरच्या आसपास, म्हणजे निघायच्या आधीच ते दिसतं. बाहेरची बेटं गाठणारा माणूस अंधारात उडी मारत नव्हता. प्रत्येक टप्प्यावर पुढची खूण आधी दिसे, मगच मागची बुडे. हे वर्तुळांचे थर नकाशावर चढवले.

२८ जून

नकाशाचा मसुदा तयार. ज्या कथा समाजाने स्वतः छापल्या आहेत किंवा शंभर वर्षांहून जुन्या छापील नोंदीत आहेत, तेवढ्याच घेतल्या. प्रत्येकीखाली निवेदकाचं नाव आधी, नोंदणाऱ्याचं नंतर. स्पेकच्या आधी न्यूवेल लायन, रँडच्या आधी जोसाया जेरेमी, अ‍ॅडनीच्या आधी पीटर जो. दफनाच्या जागा दाखवलेल्या नाहीत. शिंपल्यांच्या ढिगांचे ठिपके मुद्दाम ढोबळ ठेवलेत, खणून विकणाऱ्यांना पत्ता मिळू नये म्हणून.

मसुदा मराठीच्या जोडीने इंग्रजीत करून दोन आदिवासी सांस्कृतिक कार्यालयांकडे पाठवला. त्यांचं उत्तर येईपर्यंत छपाई थांबवलेली आहे. तोवर न्यू ब्रन्सविकच्या बाजूचे जोडरस्ते तपासायचे आणि गारगोटीच्या शिरांच्या टिपणातली भरतीची वेळ नीट लिहायची.